काळ्या पट्टीमागचा कान

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर काचेची मोठी बरणी होती आणि लोक रांगेनं येऊन आपापल्या गोळ्या तिच्यात ओतत होते. झोपेच्या, फेफऱ्याच्या, उदासीच्या. बाटली रिकामी झाली की टाळ्या. बरणीशेजारी छापील शोधनिबंधांचा कमरेएवढा ढीग आणि ढिगाशेजारी पांढऱ्या कोटातले एक संशोधक. मी त्यांना जनुकमहाराज म्हणते.

"रोग जनुकात असतो आणि जनुक भित्रं असतं!" महाराज गर्जले. "गोळी त्याला आणखी घाबरवते. सगळ्या वस्तीनं गोल बसून धीर दिला, की ते सुधारतं. हे मी म्हणत नाही, शेकडो निबंध म्हणतात!"

निबंध कुणाचे, तर त्यांचेच. पण ढिगाकडे बघूनच लोकांच्या माना डोलत होत्या. वाचला मात्र एकानंही नव्हता.

शेजारी आई बसली होती. तिच्या मुठीत पलीकडे बसलेल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या, चिमीच्या गोळ्यांची बाटली. चिमीच्या शरीरात तांबं साठतं. आमच्या घराण्यातलाच आजार. हात थरथरतात, जीभ अडखळते, मन भरकटतं. पण जन्मभर गोळ्या घेतल्या तर माणूस नीट जगतो. दादालाही हेच होतं. याच महाराजांचं ऐकून त्यानं गोळ्या सोडल्या आणि वर्षाच्या आत गेला. "त्यानं मनात शंका ठेवली," असं त्यांनी आईला सांगितलं. तेव्हापासून आई मेलेल्या लेकालाच दोष देत होती. हे मी कधीच माफ करणार नव्हते.

"आई, ती बाटली दे इकडे."

"तू गप्प बस. तुझ्याच शंका दादाच्या डोक्यात शिरल्या."

पडद्यावर दोन फोटो झळकले. "हा पाहा तरुण! उपचारांआधी आणि उपचारांनंतर. आज ठणठणीत आहे!"

डावीकडे खांदा वाकडा, तोंड उघडं, बोटं वळलेली. उजवीकडे ताठ आणि हसरा. दोन्हीकडे डोळ्यांवर काळी पट्टी, रुग्णाची ओळख लपवायची शास्त्रातली रीत. सभागृह उभं राहिलं. आईही उठली, बाटलीसकट.

माझी नजर कानावर गेली. डावीकडच्या फोटोत कानाची पाळी अर्धी नव्हती. लहानपणी दादाची पाळी कुत्र्यानं तोडली होती. उजवीकडच्या फोटोत तीच पाळी मात्र अख्खी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"छोट्या," मी धाकट्या भावाला कोपरानं ढोसलं, "उजवीकडचा तू ना रे?"

तो बघतच राहिला. "अगं हो! दादाला दाखवायला नेलं तेव्हा काढला होता. घराण्याचा आजार आहे, निरोगी भावंडांचेही फोटो लागतात म्हणाले."

त्याचं मनगट धरून मी आईच्या पुढून मंचावर चढले. माझा काळा रुमाल त्याच्या डोळ्यांवर बांधला आणि त्याला पडद्याखाली उभं केलं.

"बघा, हाच तो तरुण! ठणठणीतच आहे, कारण याला कधी आजारच नव्हता. डावीकडचा याचा थोरला भाऊ. कान बघा दोघांचे. थरथर गेली म्हणता, तर तुटलेली पाळीही उगवली का हो?"

महाराजांच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, पट्टी रुग्णाच्या गोपनीयतेसाठी..."

"रुग्ण मेला. आता पट्टी कुणाला झाकतेय?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग लोक बरणीकडे धावले. पण कुणाची गोळी कुठली, काही कळेना. आपापल्या डॉक्टरांकडे जा, नवीन घ्या, असं मी ओरडून सांगत होते.

आई पडद्याजवळ गेली. तिनं त्या फाटक्या कानावर हात ठेवला.

"म्हणजे शंका घेतली म्हणून नाही गेला माझा लेक?"

"नाही आई. विश्वास ठेवला म्हणून गेला."

तिनं बाटली चिमीच्या हातात दिली आणि खाली बसून रडली.

दादाचे घरातले फोटो मी त्यांचे निबंध छापणाऱ्या प्रत्येक मासिकाला पाठवले, उत्तर येईपर्यंत पाठवत राहिले. निबंध एकेक करून मागे घेतले गेले. महाराजांची खुर्ची गेली, कोट गेला. लोक म्हणतात, सूड उगवलास. हो, उगवला, आणि मला त्याचा आनंद आहे.

तुम्हाला मात्र एवढंच सांगते. बरा झालेला माणूस कुणी फोटोत दाखवला, तर त्याची भेट मागा. त्याच्याशी बोला. आणि भेटू दिलं नाही, तर आपली गोळी आपल्याच खिशात ठेवा.