कमळाकरची करंगळी

"हे कुणासाठी बघताय? बाईंसाठी, का तुमच्यासाठी?" कमळाकरने विचारलं, आणि टेबलावरच्या आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरकडे निघालेला राकेशचा हात मध्येच थांबला.

"काका, लायसन हिच्या नावाने निघतंय. मग हिच्यासाठीच ना!"

"मग त्यांनीच उचलावं."

राकेशने हात खिशात घातला. त्याची बायको हर्षला मागे उभी होती, ती पुढे आली. कशेळ्याच्या रस्त्यावरचा वडिलांचा पेट्रोलपंप ते गेल्यापासून तीच चालवत होती. परवान्याचं सगळं होत आलं होतं. अडलं होतं फक्त शस्त्र हाताळायला शिकल्याच्या दाखल्यावर. चौक गावाजवळच्या या नेमबाजी क्लबात तो दाखला कमळाकरच्या सहीने मिळायचा.

तीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात हत्यारं दुरुस्त करून कमळाकर निवृत्त झाला होता. स्वभाव पहिल्यापासून संशयी. गॅस बंद केलाय असं बायकोने सांगितलं, तरी हा उठून बटण बघून यायचा. "माज्यावर नाय तर नाय, गॅसवर तरी विश्वास ठेवा," असं चंद्रभागा म्हणायची. आज सकाळीच भिसेगावच्या घरी चहा देताना तिने त्याचा उजवा हात धरून ठेवला होता. "अवो, करंगळीला केवढा फोड आलाय! चटका बसला नि तुमाला कळला नाय?"

"कामाच्या गडबडीत कळत नाय," म्हणून त्याने हात सोडवून घेतला. साखरेमुळे बोटांची जाणीव कमी होते, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. पण गोळ्या खपवायला डॉक्टर काहीही सांगतात, असा त्याला दाट संशय होता.

आत्ता त्याचा संशय राकेशवर होता. बायकोच्या नावाने परवाना काढायचा आणि हत्यार आपण कमरेला लावून मिरवायचं, असली माणसं त्याने पुष्कळ पाहिली होती. म्हणून तो आधी काही शिकवत नसे. टेबलावर तीन हत्यारं मांडायची, 'निवडा' म्हणायचं आणि गप्प बसायचं. माणूस काय उचलतो याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. उचलताना बोट कुठे ठेवतो, नळीचं तोंड कुणाकडे करतो, हे तो बघायचा.

हर्षलाने लांब नळीचं रिव्हॉल्व्हर उचललं. बोट घोड्याच्या बाहेर, तोंड लक्ष्याकडे. तिने चक्र उघडून काडतुसांची सहाही घरं पाहिली.

"अगं, हे पर्समधे तरी मावेल का?" राकेश म्हणाला. "ते छोटं घे. काका, सांगा ना तिला."

"छोटं खिशात बसतं, पण हातात बसत नाय," कमळाकर म्हणाला. "नळी आखूड, वजन कमी, म्हणून झटका जास्ती. निशाणावर गोळी लागता लागत नाय. रोज जवळ बाळगायचं तर छोटं, इथं येऊन नेम मारायचा तर लांब. दोन्ही एकात मिळत नाय."

"मला नेम मारायचाय," हर्षला म्हणाली. "कॉलेजात एअर रायफल मारायचे मी. लग्नानंतर सुटलं."

राकेशने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हे तो आजच ऐकत होता. कमळाकरच्या मनातला संशय आणखी पक्का झाला.

"आणि हे पिस्तूल?" तिने विचारलं.

कमळाकरने पिस्तूल उचललं. सकाळी एका सभासदाने ते परत देताना 'रिकामं आहे' म्हटलं होतं, आणि कमळाकरने अर्थातच ते मानलं नव्हतं. त्याने मॅगझिन काढलं, वरचा भाग मागे ओढला आणि नळीच्या मुळाशी करंगळी लावली. डोळे फसतील, करंगळी फसत नाही, असं तो प्रत्येकाला शिकवायचा. तिथे भोक लागलं तर रिकामं, सपाट लागलं तर काडतूस. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून तो वाकून बघायचाही बंद झाला होता.

"रिकामं," म्हणून त्याने पिस्तूल मिटवलं आणि तिच्या हातात दिलं.

"ओढून बघ ना घोडा, कसा जातो ते," राकेश म्हणाला. "थांब, दे इकडे, मी दाखवतो."

हर्षलाने दिलं नाही. पिस्तूल लक्ष्याकडेच धरून तिने वरचा भाग पुन्हा मागे ओढला, खिडकीच्या उजेडात थोडं वळवलं आणि वाकून पाहिलं. पाहतच राहिली.

"काका, ह्यात आहे."

"असायचं नाय. मी बघितलंय."

"आहे, काका. पिवळं दिसतंय."

कमळाकरने चष्मा वर सारला आणि वाकला. काडतुसाचं गोल पितळी बूड नळीत घट्ट बसलं होतं. काडतूस बाहेर ओढणारी आकडी झिजली होती. पण आकडी झिजते, म्हणून तर बोट लावायचं असतं. त्याने बारीक पेचकसाने काडतूस उचकटलं. ते त्याच्या तळहातावर पडलं आणि घरंगळत करंगळीपाशी जाऊन थांबलं. पडलेलं त्याला दिसलं. करंगळीला लागलेलं कळलं नाही.

तीस वर्षं त्याने जगावर संशय घेतला होता. या एका बोटावर मात्र कधीच घेतला नव्हता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

राकेशच्या चेहऱ्यावर रंग परत आला, तसा त्याचा आवाजही परत आला. "होतं हो काका असं कधीतरी. आम्ही कुठे बोलणार नाही. तेवढी सही करून टाका, विषय संपला."

"अहो, गप्प बसा," हर्षला म्हणाली.

कमळाकरने वही ओढली. पिस्तुलाचा नंबर आणि वेळ टाकून खाली लिहिलं, 'तपासण्यात चूक माझी.' मग त्याने क्लबच्या मालकांना, मालोजींना फोन लावला. जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. "उद्यापास्नं दुसरा माणूस बघा. बाईंच्या दाखल्यावर तुमीच सही करा, माजी आता चालायची नाय. पण शिकल्यात एकदम पक्क्या. माज्यापेक्षा पक्क्या." फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, "नि नवऱ्याला हात लावून देऊ नका."

राकेश तोंड फिरवून बाहेर गेला.

टेबलावर दोन रिव्हॉल्व्हरं राहिली होती. कपाटात ठेवण्याआधी ती तपासायची होती. कमळाकरने कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली.

"ही दोन पण तुमीच बघा, बाई. मोठ्यानं बोलून सांगा."

हर्षलाने पहिल्याचं चक्र उघडलं. "रिकामं, काका."

"परत बघा."

तिने पुन्हा पाहिलं. कमळाकर तिच्या शेजारी ताठ उभा होता, दोन्ही हात पाठीमागे बांधून.