ओसेयाची खुर्ची

सभागृहात सरदारापेक्षा उंच कोणी बसायचं नाही, सगळ्यांनी चटईवर, हा आमच्या गावाचा नियम. ओसेया सरदाराचा प्रवक्ता. त्याने हा नियम जेवढ्या मायेने सांभाळला तेवढी माया त्याच्या बायकोच्याही वाट्याला आली नाही. गुडघे गेलेला विलिसोनी एकदा खुर्ची घेऊन आत शिरला, तेव्हा ओसेयाने भर सभेत विचारलं, "काय रे, गादीवर बसायचा बेत आहे?" सगळे हसले. विलिसोनीची खुर्ची ओसरीवर गेली. तोही तेव्हापासून तिथेच.

विलिसोनीची मुलगी मेरेओनी आमची नर्स झाली. पुढे ओसेयाची प्रोस्टेट फुगली आणि राजधानीतल्या, सुवाच्या इस्पितळातून तो लघवीची नळी लावून, पायाला पिशवी बांधून घरी आला. शनिवारी शेजारचं गाव व्हेलचा दात, म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात मोठा नजराणा, घेऊन मानाने येणार होतं. तो स्वीकारून बोलायचा मान ओसेयाचा. तो चुकला, तर त्याची जागा घ्यायला चुलतभाऊ टपलेलाच होता.

मेरेओनीने सगळं शिकवलं. आधी हात धुवायचे, पिशवी भरायच्या आत रिकामी करायची, नळी ओढली जाऊ द्यायची नाही. फार प्रेमाने शिकवलं.

"आणि मामा, पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली हवी. मांडी घालून बसलात की मूत मागे फिरणार. मग ताप."

"मग बसू कुठे?"

"खुर्चीवर."

"सभागृहात?"

"नियमातलं तुम्हालाच जास्त कळतं."

शनिवारी ओसेयाने दारात गुडघे टेकून, रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून खुर्चीची परवानगी मागितली. सरदाराने आधी खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"विलिसोनीला कुठे बसवलं होतंस?"

ओसेयाची खुर्ची ओसरीवर गेली. दात चुलतभावाने घेतला. भाषण सुमार झालं, पण आवाज मोठा होता, आणि लोकांना तो आवडला.

विलिसोनीने आपली खुर्ची जरा सरकवली. "ये, ओसेया. इथे वारा छान येतो. पाणी भरपूर प्यायला सांगितलंय ना तुला?" आणि बाटली पुढे केली.

मंगळवारी मेरेओनी एक छोटी तोटी घेऊन आली. "डॉक्टरांना विचारलंय मी. दिवसा पिशवीऐवजी ही लावायची. तीन-चार तासांनी संडासात जाऊन उघडायची. मग बसा खुशाल चटईवर."

ओसेयाने तोटी हातात घेऊन उलटसुलट केली.

"ही शनिवारी नव्हती तुझ्याकडे?"

"होती की," हातमोजे चढवत ती म्हणाली. "पाय पसरा, मामा."