मऊ चादर

“वाटोळं केलं मी,” हे मोरीतून म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात असलं काही त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. एरवी चूक नेहमी मशीनची असायची.

हे जीन्स धुण्याच्या कारखान्यात कामाला. कडक कापड मऊ करायचं, तेही साबणाने नाही, एन्झाइमने. “अगं, झाडापाल्याचा सांगाडा फोडणाऱ्यांचं ते घराणंच आहे,” हे जेवताना समजवायचे. “कुणी फळाचा गर पातळ करतं, कुणी कोंडा फोडतं. आमचं कापूस खातं. थोडं कुरतडू द्यायचं आणि वेळेवर कडकडीत पाणी ओतून त्याचं तोंड बंद करायचं.” माझं तोंड मात्र त्यांना कधी बंद करता आलं नाही.

चार महिने मी अंथरुणाला खिळलेली. पाठ लाल झाली होती. नर्सने स्पष्टच सांगितलं, “कातडी फुटली तर दवाखान्यात हलवावं लागेल.” मला घर सोडायचं नव्हतं आणि यांना तर ते ऐकवतही नव्हतं. आमच्या चादरी जाड्याभरड्या. म्हणून मालकाला विचारून यांनी वाटीभर एन्झाइम आणलं. सकाळी ते कोमट पाण्यात घालून चादर भिजवली, बादली उन्हात ठेवली आणि तेवढ्यात मला ताप भरला. दिवसभर हे माझ्या उशाशी बसून होते. चादर राहिली ती राहिलीच.

संध्याकाळी पिळायला घेतली तर हातातच फाटली.

“कारखान्यात एक पँट फाटली नाही कधी माझ्या हातून,” दारात उभं राहून हे म्हणाले. “आणि तुझीच चादर घालवली.”

मी हात पुढे केला. “दाखवा तरी.”

मी तुकडा गालाला लावला. “अहो, इतकं मऊ तर तुम्ही माझ्याशी कधी बोललाही नाहीत. धड तुकडे असतील ते उकळून घ्या, वाळवा आणि घाला माझ्या पाठीखाली.”

यांनी तसंच केलं. शिवण टोचेल म्हणून तुकडे नुसतेच शेजारी शेजारी अंथरले. रोज हात खाली घालून सुरकुत्या चाचपायचे.

आठवड्याने नर्स आली. पाठ पाहून म्हणाली, “लाली उतरलीय. राहा घरीच.”

ती गेल्यावर हे सुरकुत्या काढायला बसले आणि माझ्या पाठीखाली हात तसाच ठेवून त्यांचा डोळा लागला. माझी कूस बदलायची वेळ झाली होती. मी थोडा वेळ हाक मारली नाही.