बिननावाचे आवाज

ताईने हेडफोन कानाला घट्ट दाबला, थोडं ऐकलं आणि म्हणाली, "हा टोपीवाला. 'क'ला 'त' म्हणतो."

धाकट्या भावाने फाइलला 'टोपीवाला' असं नाव दिलं आणि पुढची लावली.

बोलताना अडणाऱ्या मुलांवर ताई उपचार करायची. प्रत्येकाचं पहिल्या दिवसापासूनचं बोलणं तिने साठवून ठेवलं होतं. कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला, तेव्हा भाऊ छाती पुढे काढून म्हणाला होता, की जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर करून देतो, तू निवांत चहा पी. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. त्याने नीट न बघता बटण दाबलं आणि कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरायला लागली. चूक लक्षात येऊन त्याने वायर उपटली, तोवर बरंच पुसलं गेलं होतं.

ताईला मात्र त्याने सांगितलं, की डिस्क आधीच खराब होती.

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंनी उरलंसुरलं बाहेर काढून दिलं, पण फाइलींची नावं गेली ती गेलीच. आता एकेक आवाज ऐकून मूल ओळखायचं, एवढंच हातात होतं. आणि ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, भाऊ होता म्हणून एवढं तरी वाचलं. ते ऐकताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटच्या थोड्या फाइली उरल्या असताना, ताईकडे उपचारांना येणाऱ्या चिमणीची आई आली. नव्या डॉक्टरांना चिमणीचं उपचारांआधीचं बोलणं ऐकायचं होतं. ऑपरेशन करायचं की थांबायचं, हे ते त्यावरून ठरवणार होते. चिमणी अजून कुठल्याच फाइलीत सापडली नव्हती.

ताई उठून उभी राहिली.

"माझं चुकलं. डिस्क जुनी झाली होती, मी वेळेवर बदलायला हवी होती."

ती आपल्यापेक्षा लहान बाईसमोर मान खाली घालून उभी होती. भावाचे कान तापले. पळून जावं असं वाटलं, पण दाराशीच चिमणीची आई होती.

"डिस्क चांगली होती," तो म्हणाला. "मी... मी उलटं..."

पुढचं घशातच अडकलं. चिमणीची आई काही विचारायला गेली, तर ताईने तिच्याकडे न बघताच तळहात वर केला. मुलांच्या आया मध्येच शब्द पुरवायला लागल्या की ती त्यांना असंच थांबवायची.

"उलटं लावलं मी. मीच पुसलं. आणि खोटंही मीच बोललो."

चिमणीच्या आईने त्याच्याकडे रोखून बघितलं. मग ती खुर्ची ओढून बसली.

"दुकानातल्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, डिस्कमध्ये काही दोष नाही म्हणून," ताई शांतपणे म्हणाली. तिने हेडफोन काढून त्याच्या डोक्यावर चढवला. "उरलेल्या तू ऐक."

त्याने पुढची फाइल लावली. सुरुवातीला नुसता एका मुलीचा श्वास ऐकू येत होता. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि परत फिरायचा. पलीकडे ताई होती, तिच्या बांगड्या ओळखू येत होत्या. ती काहीच बोलत नव्हती, नुसती वाट बघत होती.