उजवी नळी

पहिल्याच लाथेत कडीचे दोन खिळे निखळून फरशीवर पडले. ऑपरेशन थिएटरच्या मावशीने हातातलं तसराळं टाकलं आणि धावत जाऊन दाराला पाठ लावली.

"दार उघड! बायको आहे ती माझी!" बाहेरून वेल्डर गरजला. खाली रखवालदाराचं डोकं त्याने पान्याने फोडलं होतं. ती किंकाळी आत सगळ्यांनी ऐकली होती.

टेबलावर त्याची बायको होती. लाँड्रीत काम करणारी, चार मुलांची आई. मागच्या बाळंतपणात मरता मरता वाचलेली. पुन्हा दिवस गेले तर जगणार नाही, असं डॉक्टरबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं होतं. "तुम्हीच नसबंदी करून घ्या. पोट उघडावं लागत नाही, त्याच दिवशी घरी जाल," असंही त्या वेल्डरला म्हणाल्या होत्या. त्यावर त्याने टेबल उलथवलं आणि बायकोला केस धरून रस्त्यापर्यंत फरफटत नेलं. आज ती स्वतःचीच नसबंदी करून घ्यायला एकटी आली होती. सहीही तिनेच केली. पोट तेवढं बधिर केलेलं, बाकी ती टक्क जागी.

"डावी नळी बांधून कापली. उजवी राहिलीय," डॉक्टरबाईंचे हात थबकले. "मावशी, टाके घालून बंद करू का? तो जीव घेईल तुमचा."

"निम्मं काम कुणी ठेवतं का, बाई? मी फरशीसुद्धा अर्धी पुसून सोडत नाही."

"थांबू नका हो," टेबलावरची बाई छताकडे बघत म्हणाली. "मार तर कसाही खायचाच आहे."

मावशी बावीस वर्षं या दवाखान्यात रक्ताचे बोळे उचलत होती. तिला कुणी नावाने हाक मारल्याचं आता तिलाही आठवत नव्हतं. ठेंगणी, अंगाने भक्कम. तिने पाय रोवले.

पुढच्या धडकेला कडी तुटली. दार वीतभर उघडलं आणि फटीत वेल्डरचा घामेजलेला चेहरा आला. "दिवसच जाणार नाहीत, मग उद्या ही कुणाबरोबर लोळली तर मला कळणार कसं?"

मावशीने वळून दाराची कड उजव्या हाताने घट्ट धरली आणि खांद्याने दार रेटलं. त्याने पाना त्या बोटांवरच हाणला. हाड मोडल्याचा आवाज टेबलापर्यंत गेला.

"दोन मिनिटं, मावशी!"

दुसरा घाव बसला. तिसरा. तोंडावरचा मास्क तिने दातांत धरून चावला, पण दार सोडलं नाही. रक्त दाराच्या कडेवरून ओघळून फरशीवर पसरत गेलं.

"झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मावशी बाजूला झाली. वेल्डर तोल जाऊन आत, थेट त्या रक्तात तोंडावर आपटला. लाल झालेले स्वतःचे तळवे त्याने पाहिले आणि त्याच्या हातातला पाना गळून पडला.

"मेली का?" त्याने विचारलं.

"नाही. हे रक्त माझं आहे," मावशी म्हणाली.

तोवर वॉर्डातली माणसं वर धावून आली. त्यांनी त्याला तिथेच लोळवून लाथांनी तुडवायला सुरुवात केली. दात तुटला, नाक फुटलं.

"बाहेर न्या त्याला!" मावशी ओरडली. "इथं पोट उघडं आहे!"

तिची दोन बोटं काढावी लागली.

आठव्या दिवशी लाँड्रीवाली टाके काढायला आली. आता ती मुलांना घेऊन थोरल्या बहिणीकडे राहत होती, आणि बहीणच सोबत आली होती. वेल्डर आदल्या दिवशी पोलीस कोठडीतून जामिनावर सुटला होता. तोही मागोमाग आला आणि जिन्यात येऊन उभा राहिला. मावशी पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून वरच्या पायरीवर बसली होती.

"नुसतं बघायचंय तिला," तो म्हणाला.

"इथूनच बघ."

तो पायरीवर बसला. बऱ्याच वेळाने दोघी बहिणी कठड्याला धरून सावकाश खाली आल्या. बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. जिना अरुंद होता. त्याने पाय पोटाशी घेतले आणि त्यांना वाट दिली.