माजघरात टांगलेली कप्पी

मित्रांनो, जरा मान वर करा. माजघराच्या तुळईला जी गंजकी गोल वस्तू लोंबते आहे, ती मी. मी एक जुनी बिडाची कप्पी आहे. घरात येणारा प्रत्येक जण विचारतो, "ही इथं कशाला?" प्रश्न रास्त आहे. कप्पीची जागा विहिरीवर असते. मी घरात कशी आले, ते सांगते. गोष्ट हसायची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

या घराचा मालक नथू; त्याच्या वडिलांनी मला वसईच्या बाजारातून आणलं आणि चिंचोटीच्या अलीकडे, खाडीकाठच्या त्यांच्या वाडीतल्या विहिरीवर बसवलं. तेव्हापासून मी माणसं ओळखते ती दोरीवरून. चेहऱ्यातलं मला फारसं कळत नाही. कोण कसं ओढतं, ते मात्र बरोबर कळतं. नथू घाईनं ओढायचा आणि अर्धी बादली सांडायचा. मग त्याचं लग्न झालं आणि कमळी आली. तिची ओढ लांब, सरळ, सगळा जोर उजव्या हाताचा. थेंब सांडायचा नाही. भेंडी, वाल, मिरची, सगळं तिनं वीस वर्षं त्या हातावर जगवलं. "कप्पी कुरकुरते, तेल द्या तिला," असं ती नथूला बजावायची. त्या लाडानं मी थोडी शेफारले होते, खोटं कशाला बोलू?

पुढे विहिरीवर पंप बसला. मला काढून गोठ्यात फुटक्या घमेल्याखाली टाकलं. सहा वर्षं कुणी विचारलं नाही. मी रुसून बसले होते, पण रुसवा काढायलाही कुणीतरी यावं लागतं.

१९९७ च्या दिवाळीनंतर नथूनं ते घमेलं उचललं. त्याच्या हातात त्या दिवशी जोरच नव्हता. कमळीला उजव्या बाजूला स्तनाचा कर्करोग निघाला होता. स्तन काढायचा आणि त्याबरोबर काखेतल्या गाठीही काढायच्या, असं मुंबईच्या डॉक्टरांनी ठरवलं होतं. शेजारच्या वाडीतली सुझान मुंबईत नर्स होती. ऑपरेशननंतर हात वर जाणार नाही, तो दोरी-कप्पीनं हळूहळू वर न्यावा लागेल, असं तिनं आधीच सांगून ठेवलं. म्हणून मला घासूनपुसून इथं टांगलं.

जायच्या आधीचे आठ दिवस कमळीनं सगळं घर खाली उतरवलं. वरच्या फळीवरचं मीठ, मसाल्याची बरणी, देवाची काडेपेटी, सगळं कमरेच्या उंचीवर आणलं. दोन पोलक्यांच्या उजव्या बाह्या उसवून तिथं बंद लावले. डाव्या हातानं भाकरी थापून पाहिली, ती फाटली. तीच फाटकी भाकरी तिनं खाल्ली. शेवटच्या दिवशी साबण लावून उजव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. एकही फुटू दिली नाही.

"फुटली तं बरा नाय," ती म्हणाली.

बारा दिवसांनी ती परत आली तेव्हा काखेतून एक नळी निघाली होती. नळीला बाटली होती आणि बाटली कापडी पिशवीत होती. नथू रोज सकाळी बाटली उजेडात धरून साचलेल्या पाण्याचा आकडा वाचायचा. "आज ऐंशी. काल सव्वाशे व्हता." आकडा उतरला की त्या दिवशी त्याला चहा गोड लागायचा. नळी निघाली त्या दिवशी सुझान येऊन कमळीजवळ बसली.

"वहिनी, नीट ऐक. काखेतल्या गाठी म्हणजे वाडीतले पाट समज. ते आता काढले. या हातात पाणी साचू शकतं. या हाताला घट्ट बांगडी नको, सुई नको, कोयत्याचा ओरखडा पण नको."

"किती दिस?"

"जन्मभर."

कमळीनं मान हलवली. मग तिनं माझ्या दोरीची दोन टोकं धरली. डाव्या हातानं टोक खाली ओढायचं, की उजवा हात वर यायचा. पहिल्या दिवशी तो कमरेच्या वर आला नाही. ती ओठ चावत होती. विहिरीतून मी एवढं पाणी वर आणलं, पण एवढं जड काही उचललेलं मला आठवत नाही.

तिची मुलगी दिपिका दर आठवड्याला बोटं पोचतील तिथं दाराच्या चौकटीवर कोळशानं रेघ मारायची. कमर, छाती, खांदा, कपाळ. पाचव्या महिन्यात रेघ चौकटीच्या वरच्या लाकडाला टेकली. त्या दिवशी कमळीनं दिपिकेला समोर उभं केलं आणि दोन्ही हातांनी तिची वेणी घातली. मी आनंदानं कुरकुरायचंही विसरले. मित्रांनो, गोष्ट इथंच संपली असती तर किती बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी दिपिकेचं लग्न जमलं. नथूची थोरली बहीण जयवंती पहिल्याच दिवशी दार लोटून घेऊन म्हणाली, "पोराकडच्यांना यातला कायपन सांगू नका. आयला झाला तं पोरीला पन व्हईल, असा बोलतील. सोयरीक मोडंल." कुणी विरोध केला नाही. कमळीनंही नाही. माझी दोरी काढली आणि माझ्यावरून रंगीत पताका ओवल्या. मलाही त्या खोटेपणात सामील करून घेतलं.

हळदीच्या आदल्या दिवशी याच माजघरात कासारीण बसली. नवरदेवाकडच्या दोघी बायका हळदीचं सामान घेऊन आल्या होत्या. कमळीनं डाव्या हातात चुडा भरून घेतला. उजवा हात पदराखाली होता.

"दुसरा हात द्या ना," कासारीण म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. एवढाच बस."

त्या दोघी बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. जयवंती हसून म्हणाली, "दे ना गो! नवरीची आय, नि येक हात भुंडा?"

कमळीनं दिपिकेकडे बघितलं. दिपिकेनं मान खाली घातली. मग पदराखालचा हात बाहेर आला. तो डाव्यापेक्षा थोडा भरलेला होता. कासारणीनं दाबून दाबून अकरा बांगड्या चढवल्या. सातवी फुटली आणि अंगठ्याच्या मुळाशी काच लागली. रक्ताचा एक ठिपका आला. त्यावर हळद दाबली आणि तिच्या जागी दुसरी बांगडी भरली.

हळदीच्या रात्री हात कढत होता. लग्नाच्या दिवशी अंगात ताप होता. "दमलेय," एवढंच ती म्हणत राहिली. लेक सासरी गेल्यावर नथूनं पदर बाजूला केला. कोपरापर्यंत हात लाल झाला होता आणि बांगड्या मांसात रुतल्या होत्या. पंपाची पक्कड आणून त्यानं एकेक बांगडी फोडली. अकराच्या अकरा. तो फोडताना रडत होता आणि ती त्याला गप्प करत होती.

सुझाननं धावपळ केली, इंजेक्शनं झाली. ताप उतरला, लाली गेली, सूज गेली नाही. हात केळीच्या खांबासारखा झाला. पट्ट्या बांधून झाल्या, मालीश झालं. दिपिकेनं चौकटीवर पुन्हा रेघ मारली नाही.

तीन वर्षांनी नातीच्या बारशाला विहीणबाई या घरी आल्या. तो हात बघून त्या खाली बसल्या. "अवो, आधी सांगायचा ना मना! त्या येका हातात नसत्या भरल्या बांगड्या." खरंच तसं झालं असतं का, मला ठाऊक नाही. मागाहून म्हणायला काय जातं? कमळीनं डाव्या हातानं त्यांच्यापुढे चहा सरकवला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे तेल मागतात, जागा मागतात. मला काही नको. तुमच्या घरात एखादीला हात जपायला सांगितलं असेल, तर तिला तो लपवायला लावू नका. लोक काय म्हणतील, ते एक दिवस म्हणतील. हात जन्मभराचा असतो.

माझी दोरी नथूनं केव्हाच परत ओवली आहे. कमळी अजून रोज सकाळी माझ्यापाशी येते. डाव्या हातानं एक टोक धरते. उजव्या हाताची मूठ दुसऱ्या टोकावर मिटत नाही. तरी ती ओढते, लांब आणि सरळ, पहिल्यासारखी. दुसरं टोक रिकामंच वर येतं.