जिन्यात गेलेली चाळीस मिनिटे

मी एक जुनी काचपट्टी आहे, मित्रांनो. इबादानच्या इस्पितळात यंत्राने माझ्या अंगावर दोनशे ठिपके ठेवले. एकेक ठिपका म्हणजे कुणाच्या तरी गाठीचा रस. कर्करोगाच्या पेशीत ‘वाढ, वाढ’ असा निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात असतो. तो चालू असला तर माझ्यावरचा ठिपका उजळतो, आणि निरोप तोडणारी गोळी कुणाला द्यायची ते कळते. डॉक्टर मोरेनिके मला उजेडात धरून म्हणायच्या, “ही खोटं बोलत नाही.” मी फुगून जायची.

सिदिकातबाई बाजारात भाजकी केळी विकत. त्यांचा ठिपका काळाच राहिला. डॉक्टरांनी लिहिले, ‘गोळीचा उपयोग नाही.’

तो रस शिळा होता, हे मला अंगावर पडताच कळले होते. पण काचेने ओरडायचे कसे?

तंत्रज्ञ लासिसीलाही ते ठाऊक होते. गाठीचा तुकडा वीस मिनिटांत गोठवायचा, नाहीतर निरोप विझतो. त्या दिवशी तुकडा आणताना जिन्यात त्याचे म्हातारे मास्तर भेटले. आमच्याकडे वडीलधारे दिसले की पालथे पडून नमस्कार, मग घर कसे, मुले कशी, गुडघे कसे. चाळीस मिनिटे गेली. लासिसीने कागदावर ‘पंधरा’ लिहिले.

तीन दिवस त्याने माझ्याकडे पाहिले नाही. बोल रे बाबा, बाई मरेल, असा माझा नुसता आक्रोश चालला होता.

चौथ्या दिवशी सिदिकातबाई केळी घेऊन आल्या. “खा रे. हाडं दिसायला लागली तुझी. कॅन्सर मला झालाय की तुला?”

लासिसी त्यांच्यापुढे पालथा पडला. “आई, जिन्यात मास्तरांपाशी चाळीस मिनिटं थांबून तुमचा तुकडा मी वाया घालवला.”

“तीन दिवस गप्प बसलास?” डॉक्टर मोरेनिके दारातून आत आल्या. “तुझ्या ‘पंधरा’वर मी सही केली, लासिसी.”

“पुन्हा कापावं लागेल?” बाईंनी विचारले.

“हो,” डॉक्टर म्हणाल्या. “पण तुमच्या अंगात आता ताकद नाही.”

“कापा. आणि तू रे, मास्तर दिसले तर थांबू नकोस. तुझ्या वतीने मी स्वतः जाऊन त्यांच्यापुढे गुडघे टेकेन.”

नवा रस दुसऱ्या पट्टीवर गेला. मला खोक्यात टाकले. तो ठिपका उजळला का, मला कोणी सांगितलेले नाही. मित्रांनो, मला खरी म्हणण्याआधी तुकडा किती वेळ हातात राहिला ते खरे लिहा, एवढीच भीक मागते.

दार उघडले की मी भाजक्या केळ्यांचा वास शोधते. अजून आलेला नाही.